चिंध्यांची चौकट

सकाळी सहा. टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्यात बुचकळलेल्या चिंध्या अंगणात वाळत घालतो. सुती धागा एका ठिणगीनं धुमसत राहतो. माल वर्गातला घुमारा जिरवायला शाळेच्या भिंतींवर लागणार आहे, तेव्हा ही पायरी गाळणं म्हणजे पोरांच्या जिवाशी खेळ.

साडेआठ. दुकान उघडून आधीच्या वाळलेल्या ढिगातली बटणं, हुक, चेन काढतो. एक चेन राहिली तरी मशीनचे दात जातात.

दहा. तोंडाला फडकं बांधून पिंजाई. जुनी लुगडी, धोतरं, शिंप्याकडची कात्रणं, सगळ्याचा भुसभुशीत पुंजका होतो. पानिपतच्या गिरण्या जुन्या कपड्यांतून पुन्हा सूत काढून ब्लँकेटं विणतात. आमच्या मशीनचा धागा त्याला फार आखूड पडतो. आवाज जिरवायला तो पुरतो. धाग्यांच्या मधली हवा आवाजानं हलते, धाग्यांना घासते आणि त्या घासण्यात आवाजाची ताकद उष्णता होऊन संपते. म्हणून माल दाबून ठोकायचा नाही.

एक. जेवण.

दोन. बांबूच्या दोन इंची चौकटीत भरणं. नुसता भरला तर महिनाभरात खाली बसतो, म्हणून दाभणानं गादीसारखे टाके. वरून मांजरपाट. पुसायला सोपं म्हणून रेक्झिन लावा, असं गिऱ्हाईक म्हणतं. पण रेक्झिनमधून हवा आत जात नाही, मग भरलेला माल वाया.

चार. चामोर्शीजवळच्या एका शाळेत. वर टिनाचं छत, खाली फरशी, भिंती कोऱ्या. सर विचारतात, "भाऊ, रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज थांबेल का जी?"

"नाही जी. त्याले जड भिंत अन् बंद खिडकी लागते. हे खोलीतला घुमारा खाते. मागच्या पोराले तुमचा शब्द सुटा ऐकू येईल."

1895 साली हार्वर्डच्या एका व्याख्यान-दालनात शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रातोरात आणून मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमारा किती उतरतो, ते मोजलं. ध्वनिशास्त्राचा हा हिशोब गाद्यांवर उभा राहिला, याचा माझ्यासारख्या गादीवाल्याला अभिमान वाटतो.

साडेपाच. चौकटी भिंतीपासून दोन इंच सोडून टांगल्या; मागच्या पोकळीनं जाड आवाजही थोडा जास्त जिरतो. सरांनी टाळी वाजवली. घुमाऱ्याचं शेपूट आखडलं होतं.

मागची भिंत उद्या. सरांचा आवाज खर्जातला आहे, तिथं चार इंची चौकट करावी लागेल.