ऑटोक्रॉस
मोकळ्या व सपाट जागेवर शंकू मांडून आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावरून मोटारगाडी कमीत कमी वेळात चालविण्याची स्पर्धा. मार्गावर एका वेळी एकच गाडी असते व लढत घड्याळाशी असते. एका फेरीस सामान्यतः एक मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. पाडलेल्या प्रत्येक शंकूबद्दल ठराविक सेकंद वेळात मिळविले जातात. अमेरिकेत हा दंड बहुधा २ सेकंदांचा असतो. या संज्ञेचा अर्थ सर्वत्र एक नाही. ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस गवताळ शेतात किंवा मातीवर होते, भारतातही ते मुख्यतः मातीच्या मार्गावर घेतले जाते, तर अमेरिकेत ते डांबरी वा काँक्रीटच्या फरसबंद पटांगणावर होते. प्रस्तुत नोंदीत फरसबंद जागेवरील प्रकाराचा आणि त्यात उतरणाऱ्या अतिशक्तिमान, महागड्या स्पोर्ट्‌स गाड्यांचा विचार केला आहे.

अशा गाड्यांविषयी सर्वसाधारण समजूत अशी असते, की ज्या गाडीची अश्वशक्ती अधिक ती जिंकणार. ऑटोक्रॉसमध्ये हे क्वचितच घडते. वळणावरील कमाल वेग एंजिनावर अवलंबून नसून टायर व पृष्ठभाग यांमधील घर्षणांक आणि वळणाची त्रिज्या यांवर अवलंबून असतो. कोरड्या, चांगल्या डांबरावर घर्षणांक १ च्या जवळपास मानला, तर १५ मी. त्रिज्येचे वळण ताशी सुमारे ४४ किमी.पेक्षा अधिक वेगाने घेता येत नाही. मग गाडी १०० अश्वशक्तीची असो वा ६०० अश्वशक्तीची. दोन शंकूंमधील सरळ टप्पे इतके आखूड असतात, की पूर्ण शक्ती वापरण्यास दोनतीन सेकंदांहून अधिक वाव मिळत नाही. रुंदीही आड येते. एका ओळीतील शंकूंच्या डाव्याउजव्या बाजूंनी नागमोडी जाताना २ मी. रुंदीच्या गाडीला १.७ मी. रुंदीच्या गाडीपेक्षा अधिक बाजूला सरकावे लागते; शंकूपासून १५ सेंमी. अंतर राखले व टायरांची पकड सारखी धरली, तर एवढ्यानेच वेग सुमारे ७ टक्के घटतो. साध्या, हलक्या, दोन आसनी गाड्या या स्पर्धेत नामांकित गाड्यांना मागे टाकतात, त्याचे कारण हेच.

उलट, काही बाबतींत या गाड्यांची रचना अनुकूल असते. १९६६ मध्ये आलेल्या लॅम्बोर्गिनी मिउरापासून चालकामागे व मागील आसापुढे एंजिन बसविण्याची पद्धत रस्त्यावरील वेगवान गाड्यांत रूढ झाली. वजन मध्याजवळ एकवटल्यामुळे गाडीचे निरूढि परिबल (दिशाबदलास होणारा विरोध) कमी असते व ती चटकन वळते; मात्र मागील भाग घसरू लागला, की ती तितक्याच चटकन गरकन फिरते. चालकाला सावरण्यास फारच थोडा अवधी मिळतो.

पृष्ठभाग ओला झाला, की या दोषाला धार येते. ओल्या डांबरावर घर्षणांक ०.६ च्या आसपास उतरतो. वर उल्लेखिलेल्या वळणावरील कमाल वेग मग ताशी ३४ किमी. होतो आणि ताशी ७२ किमी. वेगापासून थांबण्याचे अंतर २० मी.वरून ३४ मी.पर्यंत वाढते. पाण्यावर टायर तरंगणे ही घटना मात्र येथे बव्हंशी गौण असते. टायरातील हवेचा दाब २२० किलोपास्काल असल्यास गुळगुळीत टायर पुरेशा खोल पाण्यावर ताशी सुमारे ९४ किमी. वेगाला पूर्णपणे तरंगू लागतो. ऑटोक्रॉसमधील वेग बहुधा त्याखाली राहतो. अर्थात रुंद, झिजलेल्या टायरांखालून पाणी नीट निचरत नसल्याने साचलेले डबके कमी वेगातही धोक्याचे ठरते. तथापि नेहमीचा शत्रू म्हणजे पाण्याचा पातळ थर व त्यात कालवलेली धूळ, तेल आणि रबराचा भुगा.

ठाणे शहराच्या खाडीकाठच्या कोलशेतसारख्या भागात हे सहज लक्षात येते. ठाणे परिसरात वर्षाला सरासरी सुमारे २,५०० मिमी. पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या काळात. आठ महिने अवजड वाहनांनी सांडलेले तेल व बांधकामाची माती रस्त्यावर साठते आणि पहिल्या सरीने तिचा निसरडा राप बनतो. जुलैच्या संततधारेत धुऊन निघालेल्या रस्त्यापेक्षा जूनच्या पहिल्या शिडकाव्याने भिजलेला रस्ता अधिक फसवा असतो, हे तेथील दुचाकीस्वारांना पुस्तकाविनाही ठाऊक असते.

ओल्यात टायरांचे तापमान हाही प्रश्न असतो. या गाड्यांचे मऊ, रुंद टायर तापल्यावरच नीट पकडतात. एका मिनिटाच्या फेरीत ते कोरड्यातही पुरते तापत नाहीत, ओल्यात तर थंडच राहतात. म्हणून तेथे खोल नक्षीचे साधे टायर उजवे ठरतात. चारही चाकांना शक्ती पुरविण्याची योजना (उदा., १९९३ मधील लॅम्बोर्गिनी डायाब्लो व्हीटी) निघताना उपयोगी पडते, परंतु थांबताना तिचा फारसा लाभ नसतो व या योजनेमुळे आलेला आत्मविश्वास वळणापाशी महागात पडतो.

टायराची एकूण पकड मर्यादित असते व ती वळणे, थांबणे आणि वेग घेणे यांत वाटली जाते. ही वाटणी वर्तुळाकृती धरल्यास ८० टक्के पकड वळण्यात खर्च झाल्यावर थांबण्यास ६० टक्केच उरते. कोरड्यात या हिशोबातील चूक एखाद्या शंकूवर भागते, ओल्यात गाडी उलटी फिरते. यास्तव ओल्या मार्गावर गतिरोधक वळणापूर्वी सरळ रेषेत लावतात, चाकांवरील परिबल कमी व्हावे म्हणून पहिल्याऐवजी दुसरा गिअर वापरतात व सुकाणू हळुवार फिरवितात. रंगविलेले पट्टे आणि रबर बसून गुळगुळीत झालेली वाट टाळतात. कोरड्यात हीच वाट सर्वांत चांगली असते. मार्ग हळूहळू सुकत असेल, तर नंतर निघणाऱ्यास आयता लाभ मिळतो. त्यामुळे पावसाळी दिवसाच्या निकालात चालकाच्या कौशल्याचा वाटा किती व क्रमाचा किती, हे सांगणे कठीण असते. प्रत्येकाला अनेक फेऱ्या देऊन त्यांतील सर्वोत्तम वेळ धरण्याच्या पद्धतीने हा अन्याय फार तर अर्धा दूर होतो.

भारतात फरसबंद जागेची उणीव ही या क्रीडाप्रकाराची खरी अडचण आहे. चेन्नईजवळील शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धकाळातील धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत. १९९० च्या सुमारास इरुंगट्टुकोट्टई येथे कायम मार्ग झाल्यावर त्या तेथे गेल्या. महाराष्ट्रात पुणे–मुंबई पट्ट्यात शक्तिमान गाड्या पुष्कळ, पण त्या चालवून पाहण्यास जागा नाही. ऑटोक्रॉसला मोठ्या कारखान्याचे एक पटांगणही पुरते. कोलशेतला अशी पटांगणे होती. आता रासायनिक कारखान्यांच्या जागी निवासी संकुले उभी राहिली आहेत. सँडोझचा व पुढे क्लॅरिअंटचा कारखाना जेथे होता, तेथेही आज इमारती आहेत. शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. तरीही पावसाळी रात्री घोडबंदर मार्गासारख्या रुंद रस्त्यावर आपल्या गाडीची पकड कोठे सुटते, हे अजमावू पाहणाऱ्याला तेथे शंकूंऐवजी दुभाजक व पादचारी भेटतात.