पावणेदोन टक्के कथील

संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे आहे. १९५०-५१ साली हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले आणि महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगातल्या एका अख्ख्या संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. तिथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्या. त्यांतल्या एकीचे रासायनिक पृथक्करण झाले, तेव्हा तिच्या तांब्यात १.७८ टक्के कथील आढळले. पुस्तकात हा आकडा एका ओळीत येतो आणि वाचणारा पुढे जातो. खडवलीत एका घरामागच्या पडवीत मात्र कोणी त्या ओळीपाशीच थांबले आहे असे कळले, म्हणून मी कसारा लोकल पकडली.

खडवली स्टेशनावर रविवारी उतरणारी गर्दी भातसा नदीकडे जाते. आपल्याला जायचे ते उलट्या बाजूला, भातखाचरांच्या कडेने. घर साधे आहे. मागे पत्र्याची पडवी, तिच्यात विटांचा ओटा, वाळूचे दोन ढीग आणि भिंतीला टांगलेले लाकडी नमुने. घरमालक साठी ओलांडलेले, ठाण्याकडच्या एका ओतशाळेत पॅटर्न मेकर म्हणून आयुष्य काढलेले. त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितले. वाडीतले सगळे त्यांना काका म्हणतात, तेच इथेही.

पॅटर्न मेकर म्हणजे साच्यासाठी लागणारा लाकडी नमुना घडवणारा सुतार. धातू थिजताना आक्रसतो, म्हणून नमुना हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो. त्यासाठी काकांकडे एक फूटपट्टी आहे, तिच्यावरचे इंच खऱ्या इंचांपेक्षा जरासे लांब आहेत. ‘श्रिंकेज स्केल’. नोकरीची एवढी एकच खूण त्यांनी जपून ठेवली आहे. या पट्टीने त्यांनी सागवानातून जोर्व्याच्या कुऱ्हाडीचा नमुना कोरला आहे. दांडा बसवायला भोक नाही, वरून अरुंद, धारेकडे पसरत गेलेली, हाताच्या पंजाएवढी. भिंतीवर दुसरा नमुना खंजिराचा आहे. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीच्या उत्खननात तांब्याचा जो खंजीर मिळाला, त्याच्या मुठीच्या टोकाला दोन फाटे बाहेर वळलेले होते. त्यावरून तो केला आहे.

लोकांना खंजीर आवडतो. उत्तर प्रदेशात सनौलीला २०१८ मध्ये तसल्याच मुठीच्या तांब्याच्या तलवारी आणि चाकांचे गाडे निघाले, तेव्हापासून काकांकडे तलवार मागणारे येऊ लागले. कोणाला दिवाणखान्यात लावायला हवी असते, कोणाला मिरवणुकीला. काका नाही म्हणतात. एक कारण कायद्याचे आहे: शेतीची आणि घरगुती अवजारे सोडली तर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे शस्त्रकायद्याच्या कक्षेत येतात. खंजिराचे पाते ते नऊ इंचांच्या आत ठेवतात आणि त्याला धार लावत नाहीत. पण खरे कारण त्यांनी वाळू चाळता चाळता सांगितले. “तलवार बघायची वस्तू आहे हो. कुऱ्हाडीने काहीतरी कळतं.” मला ते पटले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या प्रवरेकाठच्या माणसाला रोज लागत होते ते झाड तोडणारे, खांब तासणारे पाते. आपण त्याला घाईने ‘शस्त्र’ म्हणून काचेमागे ठेवतो.

तांबे उल्हासनगरच्या भंगारातून येते, जळालेल्या मोटारींच्या वाइंडिंगचे. पितळेचा तुकडाही मुशीजवळ फिरकू दिला जात नाही. पितळेतले जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. ओतशाळेतल्या माणसांना हा ताप नीट माहीत असतो. कथील येते कल्हईवाल्याकडून. पातेल्यांना कल्हई करणारे आता कमी राहिले, पण कल्याणात अजून मिळतात, आणि त्यांच्याकडच्या कथिलाच्या कांड्या काका वजनावर घेतात. एक किलो तांब्याला किती? काकांनी काकूंचा स्वयंपाकघरातला काटा पुढे ओढला आणि कांडीचे तुकडे त्यावर ठेवत गेले. “अठरा ग्रॅम. पावणेदोन टक्के.” पारड्यात चिमूटभर काहीतरी पडले होते.

त्याच्या शेजारी दुसरा ढीग होता, एक किलोला शंभर ग्रॅमच्या वरचा. हे दहा टक्क्यांचे कासे. जगभर ब्रॉन्झची हत्यारे म्हटली की साधारण याच प्रमाणाच्या आसपास येतात. काका दोन्ही ओततात, एकाच नमुन्यावरून, एकाच दिवशी. तुलना करायची तर तशीच करायला हवी, असे त्यांचे म्हणणे.

भट्टी म्हणजे जुन्या पिंपाला आतून मातीचा लेप, बुडाशी एक नळी, नळीला ब्लोअर. इंधन कोळसा. कोळशाची बाजू जवळच्या कातकरी वाडीतला एक तरुण सांभाळतो. त्याचे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर घाटावर कोळसाभट्ट्यांवर जायचे, तोही लहानपणी त्यांच्याबरोबर तिकडे राहिला. तो कोळशाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटतो, आवाज ऐकतो आणि ठरवतो. खणखणीत वाजला तो भट्टीत, बद्द वाजला तो बाजूला. बद्द कोळशात लाकूड कच्चे राहिलेले असते, धूर जास्त आणि आच कमी. तांबे १०८५ अंशांना वितळते; इतकी आच उघड्या चुलीत कधीच मिळत नाही. उत्खननाच्या अहवालात कुऱ्हाड मोजलेली असते, तिचे वजन दिलेले असते. तिच्यासाठी किती झाडे जळाली आणि ती कोणी जाळली, याची नोंद मातीत राहत नाही. या मुलाकडे पाहताना मला वाटत राहिले की जोर्व्याच्या त्या कुऱ्हाडीमागेही असा कोणीतरी कोळसा वाजवून बघणारा बसलेला असणार, आणि त्याचे काम ओतणाऱ्याच्या कामापेक्षा हलके नव्हते.

साचा भरणे झटपट झाले: भातसेची चाळलेली वाळू, थोडी चिकणमाती, हाताला ओलसर लागेल इतकेच पाणी, आणि नमुना दाबून उचलला. पावसाळ्यात हे काम बंदच असते. साच्यात ओल राहिली तर तापलेल्या धातूखाली तिची वाफ होते आणि धातू तोंडावर उडतो. त्या दिवशीही ओतण्याआधी काकांनी साच्यावर कोळशाची आच बराच वेळ धरली.

मग तो क्षण आला, ज्यासाठी मी तिथे गेलो होतो. मुशीतले तांबे वितळले होते, वर कोळशाची भुकटी तरंगत होती. काकांनी बांधावरच्या करंजाची ताजी हिरवी काठी उचलली आणि थेट धातूत खुपसली. सूं असा आवाज, बुडबुडे, आणि एक वास पसरला: ओल्या सालीचा, जळक्या रसाचा, त्यात तांब्याचा तोंडाला कळणारा कडवटपणा. काका चेहरा बाजूला वळवून काठी हळूहळू फिरवत राहिले. वितळलेले तांबे हवेतला ऑक्सिजन शोषून घेते, तसेच ओतले तर थिजताना आत पोकळ्या राहतात आणि पाते ठिसूळ होते. हिरव्या लाकडातून निघणारे वायू तो ऑक्सिजन ओढून घेतात. तांबे शुद्ध करण्याच्या कारखान्यांतही हिरवे ओंडके घालायची हीच रीत फार काळ चालत आली होती. जोर्व्याच्या कारागिराने ती वापरली होती का, हे कुऱ्हाडीवरून वाचता येत नाही. पण नुसते तांबे ओतणे किती अवघड आहे, हे त्या काठीपाशी उभे राहिल्यावर अंगावर येते. कासे पातळ होऊन साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पळते आणि तांब्यापेक्षा कमी आचेला वितळते. तांबे जाड राहते, हट्टीपणा करते.

कथील शेवटी पडले. ते २३२ अंशांनाच वितळते, म्हणून आधी टाकले तर जळून वाया जाते. अठरा ग्रॅम मुशीत गेले आणि दिसेनासे झाले. सांडशीने मूस उचलून काकांनी एका दमात साचा भरला. दुसरी मूस कास्याची होती, तीही तशीच.

ओतकाम पाहायला माणसे जमतात, फोटो काढतात आणि निघून जातात. खरे काम त्यानंतर सुरू होते आणि ते दिसायला कंटाळवाणे असते. ओतून निघालेली कुऱ्हाड मऊ असते. तिला धार येते ती थंड अवस्थेत ठोकून. धारेच्या कडेवर हातोडीचे बारीक घाव, एकाला लागून एक. ठोकले की धातू कठीण होतो. नुसत्या तांब्याची कठिणता अशाने जवळपास दुप्पट होऊ शकते. पण एका मर्यादेनंतर त्याला तडा जातो. त्याआधी थांबून पाते पुन्हा लालसर होईपर्यंत तापवायचे, निवू द्यायचे आणि परत ठोकायचे. काका हे अंधाऱ्या कोपऱ्यात करतात, कारण उन्हात तो लालसरपणा दिसत नाही. तापवलेले पाते पहिल्या घावांना ठक्‌ ठक्‌ वाजते, घट्ट होत गेले की आवाज चढत टण्‌कडे जातो. आवाज चढला की काका हातोडी खाली ठेवतात. मी विचारले, किती घावांनंतर? ते म्हणाले, “मोजून होत नाही. आवाजावर.”

इथे कथिलाचे प्रमाण सगळे बदलते. दहा टक्क्यांच्या कास्याला आधी तापवून मगच ठोकायला घ्यावे लागते, आणि लाल असताना हातोडी लावली तर ते फुटते. याउलट तळपाय चोळायची काशाची वाटी बनते ती बावीस टक्क्यांच्या आसपास कथिलाची, तिला लाल असतानाच ठोकतात आणि पाण्यात विझवतात. धातू तेच दोन, पण वाटीचा कारागीर आणि कुऱ्हाडीचा कारागीर यांचे हात उलट्या दिशेने चालतात. पावणेदोन टक्क्यांची कुऱ्हाड या दोघांच्याही अलीकडे उभी आहे. तिचे वागणे जवळजवळ तांब्याचेच.

मग जोर्व्याच्या माणसाने ते अठरा ग्रॅम घातले तरी कशाला? काकांचा अंदाज असा की मुद्दाम घातलेच नसतील. कुठून तरी आलेली कास्याची मोडकी वस्तू तांब्याच्या मुशीत गेली आणि तिचे कथील पातळ होऊन एवढेच उरले. महाराष्ट्रात कथिलाची खाण नाही. आज देशात ते बस्तरकडे सापडते. ज्या काळी प्रत्येक कांडी शेकडो मैल चालत आली असेल, त्या काळी मोड टाकून कोण देईल? हा अंदाज सिद्ध करता येणार नाही, पण मला तो आवडतो, कारण त्यात गरिबीची लाज नाही. त्याच प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला ओतीव हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ सापडले, चारही वस्तूंचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. त्या खोऱ्यात ओतकामाची जाण नव्हती असे कोण म्हणेल? जाण होती, पण कथील हाताशी नव्हते. दहा टक्के गाठता आले नाहीत म्हणून त्या कारागिरांना मागास ठरवणाऱ्याने एकदा काकूंच्या काट्यावर अठरा ग्रॅम तोलून पाहावेत.

खडवलीत हे चालावे, याचेही मला अप्रूप वाटते. खाली लोकलने थोड्याच अंतरावर असलेले कल्याण हे धातूचे जुने बंदर. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लूस्टस याने कल्याणहून बाहेर जाणाऱ्या मालात तांब्या-पितळेचा उल्लेख केला आहे. आज त्याच पट्ट्यात तांबे भंगाराच्या पोत्यांतून फिरते.

दोन्ही कुऱ्हाडी काकांनी दांड्याच्या फाटीत बसवून सुतळीने आवळल्या आणि बांधावरच्या वाळक्या बाभळीवर चालवल्या. कोळसेवाल्या मुलाने घाव घातले, काकांपेक्षा त्याचा हात तरबेज. कास्याची कुऱ्हाड खोल रुतली, धार तशीच राहिली. पावणेदोनवालीने सुरुवातीला तितकेच कापले, मग धार एका बाजूला वळली. मुलगा थांबला, बोटाने कड चाचपली आणि कुऱ्हाड काकांकडे दिली. काकांनी ती ओट्यावरच्या काळ्या दगडावर ठेवून वळलेली कड परत सरळ ठोकली, फार वेळ लागला नाही, आणि फांदी तुटली. कड वळली की ती पुन्हा ठोकून सरळ करता येते आणि दर ठोकण्यात थोडी कणखर होते. पुढच्या खेपेला काकांना तेच पाहायचे आहे: न तापवता किती वेळा सरळ करता येते, आणि तडा पहिल्यांदा कुठे जातो. त्यासाठी आणखी एक किलो तांबे वितळवायला काढून ठेवले आहे. कथिलाचे तुकडेही तोलून झाले आहेत, अठरा ग्रॅम. पाऊस यायच्या आत ओतायचे आहे.