अर्ज हातांचा असतो!

नोकरीचा अर्ज म्हटला, की आपली लेखणी आधी पदवीकडे धावते. आणि पदवी नसली, की तिथेच अडते! भंगार निवडून पुन्हा वापरात आणण्याच्या कामाचा अर्ज मात्र हातांपासून सुरू करावा.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली स्थापन झाली. पुढे कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार केला आणि उकिरड्यावरचे हे काम दारोदारच्या सेवेत आले.

आमच्या इमारतीतला कचरा नेणाऱ्या एक बाई मध्यंतरी प्लॅस्टिकच्या गोदामातल्या जागेसाठी अर्ज लिहून घ्यायला आल्या.

“सर, शिक्षण चौथी. बाकी मला काय येतं?”

“मावशी, पाण्याच्या बाटलीचं झाकण वेगळं का काढता?”

“बाटली पाण्यात बुडते, झाकण तरंगतं. माल निराळा, भाव निराळा!”

अर्जाचे पहिले वाक्य मिळाले! पेट प्लॅस्टिकच्या बाटल्यांत पीव्हीसीचा थोडासा माल मिसळला, तरी वितळवताना सारा घाणा पिवळा पडून बिघडतो. तो मिसळू न देणारी नजर हीच या धंद्यातली मोठी विद्या. म्हणून ‘काम येते’ असे मोघम न लिहिता, किती वर्षे केले, कोणकोणता माल ओळखता येतो, लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ यांतला फरक कळतो का, हे नावानिशी लिहावे.

दुसरी गोष्ट वजनकाट्याची. वजन करणे, नोंद ठेवणे, भावाचा हिशेब जुळवणे येत असेल, तर ते सांगावेच. तिसरी सावधगिरीची : हातमोजे वापरणे, फुटकी काच आणि सुया बाजूला ठेवणे, तांब्यासाठी तारा न जाळणे, कारण तो धूर विषारी असतो. पहाटेची वेळ पाळणे आणि घरोघरच्या माणसांशी गोडीने बोलणे, हेही गुणच.

गठ्ठे बांधण्याचे यंत्र चालवता येत नसेल, तर ‘शिकण्याची तयारी आहे’ एवढेच लिहावे. खोटेपणा पहिल्याच दिवशी उघडा पडतो!

वाचकहो, असा अर्ज लिहून द्यायची वेळ तुमच्यावरही येईल. तेव्हा शिक्षणाची चौकशी मागाहून करा. ‘रोज काय काय करता?’ हे आधी विचारा आणि उत्तर जसेच्या तसे उतरवून घ्या. शाळेने न दिलेला दाखला त्या उत्तरात असतो.