मामा, हात लावू नका!

दसऱ्याला आमच्या घरी शस्त्रपूजा होते. पाटावर आजोबांचा अडकित्ता, सौभाग्यवतींची विळी आणि माझे शाईचे पेन मांडावयाचे, वर झेंडूचे फूल वाहावयाचे, की आमचा क्षात्रधर्म संपला! वर्गात पोवाडे शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला खरे पिस्तूल पाहावयाचा योग येईल, तोही परमुलखात आणि मोटारीत, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता भाच्याकडे अमेरिकेत गेलो होतो. तो टेक्सास राज्यात, ह्यूस्टनला नोकरी करतो. त्याची मोटार दुरुस्तीला गेलेली, म्हणून शेजारच्या म्हाताऱ्याने मोठ्या प्रेमाने आपली दिली. आम्ही ऑस्टिन पाहावयास निघालो. वाटेत चष्मा पुसण्यासाठी मी समोरचा कप्पा उघडला. कागदी रुमाल होते. रुमालांखाली एक काळेभोर पिस्तूल होते.

"मामा, हात लावू नका!" भाचा ओरडला आणि त्याने पुढच्या पेट्रोलपंपावर गाडी उभी केली.

"अरे, शेजारी गुंड आहे की काय तुझा?"

"छे हो! गणिताचे निवृत्त मास्तर आहेत ते."

मग त्याने मला तिथला कायदा समजावून सांगितला. टेक्सासमध्ये स्वतःच्या मोटारीत पिस्तूल नजरेआड ठेवावयास २००७ पासून परवाना लागत नाही. माणूस गुन्हा करीत नसावा आणि त्याला शस्त्राची मनाई नसावी, एवढे पुरे. १ सप्टेंबर २०२१ पासून तर २१ वर्षांवरील अशा माणसाला परवान्याशिवाय रस्त्यानेही ते बाळगता येते.

"मग मास्तरांचे काही चुकले नाही. तू का घामाघूम?"

"मी व्हिसावर आहे, मामा. तुम्ही आणि मामीसुद्धा!"

केंद्राचा कायदा निराळा. नोकरीच्या वा पर्यटकाच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला, शिकारीचा परवाना असण्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर पिस्तूल किंवा काडतूस जवळ बाळगावयास मनाई आहे. त्या कायद्यात 'जाणूनबुजून' असा शब्द आहे. शब्दांवरच माझा संसार चालतो, तेव्हा त्याचे वजन मला लगेच कळले. कप्पा उघडीपर्यंत आम्ही अजाण होतो. आता जाणते झालो होतो!

भाच्याने मास्तरांना फोन केला. ते येईपर्यंत आम्ही तिघे सोवळ्यातल्या माणसांसारखे गाडीपासून चार हात दूर उभे होतो. तेवढ्यात पोलिसांची मोटार पंपावर आली. सौभाग्यवतींनी माझा हात घट्ट धरला. भाच्याची नोकरी, घर, तिथली आठ वर्षे, सारे त्या रुमालांखाली पडले होते. पोलिसाने कॉफी घेतली, आम्हाला हसून नमस्कार केला आणि तो निघून गेला.

मास्तर आले ते ओशाळवाणे होऊन. पिस्तूल तिथे असते हे ते विसरूनच गेले होते. त्यांची मुलगी न्यू जर्सी राज्यात असते, तिच्याकडे जाताना मात्र ते आठवणीने घरी ठेवतात. कारण त्या राज्याच्या परवान्यावाचून मोटारीत पिस्तूल सापडले, तर ५ ते १० वर्षांची कैद होऊ शकते. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने वाटेतल्या राज्यांतून ते नेता येते, पण रिकामे करून आणि हाताशी येणार नाही असे, म्हणजे डिकीत. डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत. समोरचा कप्पा चालत नाही. शिवाय निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या, दोन्ही ठिकाणी ते बाळगणे कायदेशीर हवे.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात एवढे फाटे नाहीत. पिस्तूल घरात असो वा मोटारीत, परवाना हवाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साध्या पिस्तुलालाही किमान दोन वर्षांची कैद आहे. तिथे मात्र तेच पिस्तूल, तीच मोटार. हात बदलला किंवा राज्याची वेस ओलांडली, की निर्दोष माणूस गुन्हेगार होतो.

तेव्हा ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: कोणाची मोटार मागून घेताना पेट्रोल विचारता, तसे कप्प्यात काय आहे तेही मालकाला विचारून घ्या. त्यात संकोच नको.

यंदाच्या दसऱ्याला आमच्या जुन्या गाडीची पूजा करताना सौभाग्यवतींनी आधी कप्पा उघडून पाहिला. आत एक कंगवा होता, आणि शेंगदाण्यांची पुडी.