मोरसास गेलेल्यांचा शोध

पितृपक्षांत श्राद्धास बसलेला कर्ता पिता, पितामह व प्रपितामह अशीं तीन नांवें उच्चारतो. त्यापलीकडचें चौथें नांव विचारावें, तर चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. तरी आम्ही निर्धास्त असतों. कुळांतील कोणी ना कोणी नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास जाऊन आलेला असतो, आणि तेथील तीर्थोपाध्यायांच्या वहींत त्यानें बापाचें, आज्याचें, भावांचें व मूळ गांवाचें नांव लिहून ठेवलेलें असतें. शिवाय विसाव्या शतकांत कित्येक घराण्यांनीं आपापले कुलवृत्तांत छापून घेतले. परंतु जे समुद्र ओलांडून गेले आणि ज्यांच्या वाट्यास ना उपाध्याय आला ना कुलवृत्तांत, त्यांच्या वंशजांनीं आपलें मूळ कोठें शोधावें? हा प्रश्न आमच्या दारीं प्रत्यक्ष चालत आला, म्हणून हा लेख.

२०२४ सालच्या भाद्रपदांत आमचा एक जुना विद्यार्थी आमच्या जांभूळ येथील घरीं एका वृद्ध पाहुण्यांस घेऊन आला. पाहुणे मॉरिशसचे. मराठी सावकाश, पुस्तकांतल्यासारखी, पण स्वच्छ बोलत. विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, आपण मोडी वाचतां, म्हणून यांना आपल्याकडे आणलें." पाहुण्यांनीं पिशवींतून एका कागदाची नक्कल काढून आमच्या हातीं दिली व म्हणाले, "माझ्या पणज्याच्या बापाची ही नोंद. त्यांचें गांव एकदां डोळ्यांनीं पाहावें, एवढीच इच्छा आहे."

आमच्या आजीच्या तोंडीं पांढऱ्या साखरेस 'मोरस' हाच शब्द असे. मोरस म्हणजे मॉरिशस. त्या बेटावरून येणाऱ्या साखरेस बेटाचेंच नांव पडलें. ती साखर आमच्या शिऱ्यांत पडली, प्रसादांत पडली. पण तिचा ऊंस कोणी तोडला, हा विचार आमच्या घरांत कोणाच्या मनास शिवला नसावा. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं त्या बेटावरील गुलामगिरी कायद्यानें संपली. मळेवाल्यांस स्वस्त मजूर हवे होते, ते त्यांनीं कराराच्या कागदावर अंगठे घेऊन हिंदुस्थानांतून नेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'अॅटलास' नांवाच्या जहाजानें ३६ मजूर पोर्ट लुईस बंदरांत उतरविले. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथें गेलेल्यांची संख्या सुमारें साडेचार लाख झाली. बहुतेक कलकत्ता व मद्रास येथून गेले. मुंबईहून गेलेले त्यामानानें थोडे, आणि त्यांत रत्नागिरीकडील कोंकणी शेतकरी पुष्कळ. हे लोक ज्या धक्क्यावर उतरत, तो आज 'आप्रवासी घाट' म्हणून प्रसिद्ध आहे. २००६ मध्यें युनेस्कोनें त्यास जागतिक वारसास्थळांत स्थान दिलें.

आतां त्या नोंदीकडे वळूं. उतरलेल्या प्रत्येक मनुष्यास सरकारनें एक क्रमांक दिला, आणि त्या क्रमांकापुढें नांव, बापाचें नांव, वय, उंची, जात, अंगावरील खूण, जिल्हा, गांव, जहाज व ज्या मळ्यावर धाडलें तो मळा, असें सर्व टिपून ठेवलें. १८६७ च्या कायद्यानें तर करार संपलेल्या मजुरांसही स्वतःचें छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. हेतु प्रेमाचा नव्हता. मजूर पळाल्यास तो ओळखतां यावा, एवढाच होता. परंतु ज्या वह्या माणसांस जखडण्यासाठीं लिहिल्या, त्याच आज त्यांच्या वंशजांस मूळ दाखवितात. त्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केल्या आहेत, आणि मॉरिशसचीं कुटुंबें तेथें जाऊन आपल्या पूर्वजाची नोंद मागतात. २०२४ च्या मार्चमध्यें मॉरिशसच्या भेटींत राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांनीं घोषित केलें कीं, भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांस परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचें पत्र मिळूं शकेल. तेव्हांपासून या नोंदींस भावनेबरोबर व्यवहाराचेंही मोल आलें आहे.

नोंद मिळाली म्हणजे गांव मिळालें, असें मात्र नव्हे. पहिली अडचण आडनांवाची. कारकुनानें मजुराचें व त्याच्या बापाचें नांव तेवढें लिहिलें. पुढें मुलांनातवंडांस त्या मजुराचें पाळण्यांतलें नांवच आडनांव म्हणून चिकटलें. म्हणून तेथें सखाराम, लक्ष्मण, बापू हीं आडनांवें झालीं, आणि तींही इंग्रजी-फ्रेंच कारकुनांच्या कानांतून गेल्यामुळें ओळखूं न येणारीं. दुसरी अडचण गांवाची. पाहुण्यांच्या कागदावर जिल्हा रत्नागिरी होता. परंतु गांवाचें नांव इंग्रजी अक्षरांत असें कांहीं लिहिलेलें होतें कीं, त्याच्याशीं तीन निरनिराळ्या गांवांचीं नांवें जुळत होतीं.

अशाच अडचणींतून आयर्लंडचे लोक कसे वाट काढतात, हें पाहण्यासारखें आहे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून तेथें जो दुष्काळ झाला, त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व तितकींच देश सोडून गेलीं. त्यांचे पणतू आज अमेरिकेंतून मूळ शोधावयास येतात, तेव्हां त्यांस प्रथम विचारतात तें पूर्वजाचें खेडें व चर्च. तेथें सर्व जन्ममृत्यूंची सरकारी नोंद १८६४ सालीं सुरू झाली. त्यामागें जावयाचें तर चर्चमधील बाप्तिस्म्याची व लग्नाची वही पाहावी लागते. १९२२ च्या जून महिन्याच्या अखेरीस डब्लिन येथील सरकारी दप्तरखाना यादवी युद्धांत भस्मसात् झाला. जुन्या शिरगणतीचे शिल्लक असलेले बहुतेक कागद जळाले. राजमान्य चर्चनें सुरक्षित राहाव्या म्हणून तेथें ठेवलेल्या पुष्कळ वह्याही जळाल्या. ज्या कॅथॉलिक वह्या आपापल्या खेड्यांतील चर्चमध्येंच होत्या, त्या वांचल्या.

आमच्या शेजारच्या उल्हासनगराची गोष्ट निराळी नाहीं. १९४७ नंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें कल्याणनजीकच्या लष्करी छावण्यांत उतरलीं, आणि त्या वस्तीस १९४९ मध्यें उल्हासनगर हें नांव पडलें. घर, शेत, कागद सर्व मागें राहिलें. परंतु ज्यांचे वाडवडील पूर्वीं हरिद्वारास गेले होते, त्यांचीं नांवें तेथील पंड्यांच्या वह्यांत राहिलीं. एके ठिकाणीं गेलें तें दुसऱ्या ठिकाणीं सांपडलें.

आमच्या पाहुण्यांसाठींही एकाच कागदावर भिस्त ठेवून भागण्यासारखें नव्हतें. प्रथम जुने जिल्हे-तालुके ध्यानांत घ्यावे लागले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं रत्नागिरीतून वेगळा झाला. सावंतवाडीचें संस्थान तर १९४८ पर्यंत निराळेंच होतें. आमचें जांभूळ आज अंबरनाथ तालुक्यांत आहे, पण जुने कागद पाहावयाचे तर कल्याण तालुक्याच्या नांवाखालीं शोधावे लागतात. मग जमिनीची मोजणीपत्रकें, फेरफाराच्या नोंदी, शाळेची दाखल-खारिज वही, आणि ज्यास लोक कोतवाल-बुक म्हणतात तो जन्ममृत्यूचा गांव नमुना नंबर १४, हे क्रमानें पाहावे. जुना मजकूर बहुधा मोडींत असतो. २०२३ मध्यें कुणबी नोंदी शोधण्यासाठीं सरकारनें समिति नेमली, तेव्हां मोडी वाचणाऱ्यांची किती वाण आहे हें साऱ्या महाराष्ट्रास कळून चुकलें.

पाहुण्यांबरोबर आम्ही कोंकणांत गेलों. पहिल्या दोन गांवांत कांहींच हातीं लागलें नाहीं. तिसऱ्या गांवच्या जुन्या जमिनीच्या पत्रकांत एका कुणबी खातेदाराच्या बापाचें नांव पाहुण्यांच्या कागदाशीं जुळलें. त्या कुटुंबाचें आज जेथें घर आहे, त्या वाडींत आम्ही गेलों. ओटीवर एक ऐंशीच्या घरांतील आजी बसल्या होत्या. त्यांस सर्व हकीकत सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आमच्यांत सर्वपित्रीला एक पान जास्तीचं वाढतात. माझ्या सासूनं सांगितलेलं, मोरसाला गेला तो परत आला न्हाई, त्याचं हें पान. नांव काय त्याचं, तें कोणालाच ठाऊक न्हाई."

पाहुण्यांनीं कागद उलगडून तें नांव मोठ्यानें वाचलें.

कचेरीच्या दृष्टीनें हा पुरावा पुरेसा नव्हे, हें आम्ही जाणतों. एक नांव दोन घरांत असूं शकतें. एका वाडींतून दोन माणसें बोटींत बसलीं असतील. पाहुण्यांसही आम्हीं तें स्पष्ट सांगितलें. परंतु समुद्राच्या एका तीरावर नांव राहिलें होतें आणि आठवण गेली होती. दुसऱ्या तीरावर आठवण राहिली होती आणि नांव गेलें होतें. दीडशें वर्षांहून अधिक काळ अर्धें अर्धें सांभाळलेलें तें त्या ओटीवर प्रथमच एकत्र आलें.

परततांना आम्हांस स्वतःचीच लाज वाटत होती. आमच्या घरीं आजोबांच्या वेळची मोडी कागदांची एक पेटी होती. आम्हांस मोडी येते. शाळेंतून निवृत्त झाल्यावर सावकाश उतरून काढूं, असें म्हणत राहिलों. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदी फुगून पाणी घरांत शिरलें, आणि दुसऱ्या दिवशीं पेटी उघडली तेव्हां आंत शाईच्या निळसर लगद्याखेरीज कांहीं नव्हतें. आगीनें डब्लिनचे कागद नेले, पाण्यानें आमचे. परंतु डब्लिनास युद्धाचा दोष देतां येतो, आम्हांस आळसाखेरीज कोणाचा देतां येत नाहीं. ज्या निरक्षर घरानें जास्तीचें पान वाढलें, त्यानें आमच्यापेक्षां अधिक जपलें.

आणखी एक गोष्ट त्या वहींनीं शिकविली. मजूर स्त्री असली, तरी तिच्या नांवापुढें तिचा स्वतःचा क्रमांक व तिच्या बापाचें नांव लिहिलेलें असे. आमच्या वंशावळींत मात्र पुरुषांच्या पिढ्यामागून पिढ्या उतरतात, आणि स्त्रियांचीं माहेरचीं नांवें शोधूनही सांपडत नाहींत. मळ्यावरील कारकुनानें जें लिहिलें, तें आम्हां विद्वानांस लिहावेंसें वाटूं नये, हें काय?

म्हणून वाचकांस, आणि विशेषतः एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस, आमची विनंती आहे. येत्या सर्वपित्री अमावास्येस जेवणें आटोपल्यावर घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसा. प्रत्येक व्यक्तीविषयीं नांव, बापाचें व आईचें नांव, गांव वाडीसह, आणि साल एवढें लिहा. स्त्रियांचें माहेरचें नांव व गांव वगळूं नका. घर सोडून गेलेला, तुटलेला, नावडता, कोणीही असला तरी गाळूं नका. त्याचाच पणतू उद्यां दारीं येण्याचा संभव अधिक. जुने कागद असतील, तर त्यांचीं छायाचित्रें आजच घ्या, आणि वहीच्या तीन प्रती करून तीन घरीं ठेवा. मोडी शिकण्याची हौस असलेल्या मुलास पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे चौकशी करण्यास सांगा.

आमच्या घरीं आतां अशी वही आहे. पेटींतील कागद परत येणार नाहींत. पण जें आठवलें तें लिहिलें, आणि पणजीचें माहेर कोठलें हें आमच्या आत्याबाईंस ठाऊक निघालें. आजवर आम्हीं त्यांस तें विचारलेंच नव्हतें.