उंच नसूनही जिंकतात कशा?



व्हॉलीबॉल हा उंच माणसांचा खेळ, असं सगळेच म्हणतात. एखादी मुलगी बुटकी असली, की तिला कडेला उभं करून बाहेर गेलेला चेंडू आणायचं काम देतात. पण आशियातल्या देशांची महिलांची जी मोठी स्पर्धा होते, तिच्याकडे पाहिलं तर हे म्हणणं अर्धंच खरं आहे. ते कसं, ते सांगते.

या स्पर्धेचं नाव आशियाई महिला व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धा. हिच्यात गावाचे किंवा क्लबचे नव्हे, तर देशांचे संघ उतरतात. पहिली स्पर्धा १९७५ साली मेलबर्न येथे झाली. तुम्ही म्हणाल, मेलबर्न तर ऑस्ट्रेलियात, आणि भूगोलात तो वेगळा खंड! बरोबर आहे. पण व्हॉलीबॉलच्या कारभारात ऑस्ट्रेलिया आशियाच्या गटात मोडतो. त्या वर्षी जपान जिंकला. १९७९ साली हाँगकाँगला चीन जिंकला. त्या संघात लांग पिंग नावाची खेळाडू होती. तिचा फटका इतका जोरकस की तिला 'लोखंडी हातोडा' म्हणत. १९८३ ला पुन्हा जपान. मग मात्र १९८७ पासून २००५ पर्यंत लागोपाठ दहा वेळा चीनच! दक्षिण कोरियाच्या मुलींनी १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, पण ही स्पर्धा त्यांना २०२३ पर्यंत एकदाही जिंकता आली नव्हती.

चीनच्या मुली उंच असतात. सहा फुटांच्या वर कितीतरी जणी. महिलांचं नेट २ मीटर २४ सेंटिमीटर उंच, म्हणजे सुमारे सात फूट चार इंच. उंच मुलीने उडी मारून दोन्ही हात वर केले की नेटवर भिंतच उभी राहते. तिला ब्लॉक म्हणतात. समोरून मारलेला चेंडू तिच्यावर आपटून मारणारीच्याच पायाशी पडतो.

मग बुटक्या संघाने करायचं काय? याचं उत्तर थायलंडच्या मुलींनी शोधलं.

चेंडू आपल्या बाजूला आला की तीन स्पर्शांत परत पाठवायचा असतो. पहिला स्पर्श उचलण्याचा, दुसरा चढवून देण्याचा, तिसरा मारण्याचा. चढवून देणारीला सेटर म्हणतात. तिने चेंडू उंच आणि सावकाश चढवला, तर समोरच्यांना कळतं की आता कोण मारणार. त्या धावत तिथे जमतात आणि भिंत तयार. पण चेंडू खाली ठेवून झटकन दिला तर? थायलंडच्या दोघी-तिघी एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी धावत येतात. एक तर चेंडू सेटरच्या हातात असतानाच उडी मारते. समोरची उंच मुलगी तिच्यासाठी उडते, आणि चेंडू जातो भलतीकडेच. ती खाली येऊन दुसरीकडे पोचेपर्यंत फटका बसलेला असतो. भिंत कितीही उंच असली तरी ती वेळेवर जागेवर नसेल तर उपयोग काय?

आता यात एक अडचण आहे, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही युक्ती पहिल्या स्पर्शावर अवलंबून असते. पहिलीने चेंडू नीट उचलून सेटरच्या डोक्यावर दिला तरच पुढचं सगळं जमतं. तो वाकडा गेला की सेटरला धावावं लागतं, चेंडू उंचच द्यावा लागतो, आणि मग भिंत आहेच. टाळ्या मात्र फटका मारणारीलाच मिळतात.

२००९ साली व्हिएतनाममधल्या हनोईला अंतिम सामन्यात थायलंडने चीनला ३-१ असं हरवलं. तोपर्यंत चीन आणि जपान यांच्याशिवाय कोणीच ही स्पर्धा जिंकली नव्हती. थायलंडची सेटर होती नुत्सरा टोमखॉम. तिची उंची साडेपाच फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या गावातल्या एखाद्या ताईएवढीच! २०१३ ला त्यांनी आपल्याच देशात, नाखोन रात्चासिमा या शहरात, जपानला ३-० हरवलं. तिथेच २०२३ साली चीनला ३-२ असं नमवून तिसऱ्यांदा अजिंक्यपद मिळवलं. पण दर वेळी असं घडत नाही, बरं का. २०१७ आणि २०१९ ला अंतिम सामन्यात जपानने थायलंडलाच हरवलं. जपानच्या मुलीही फार उंच नसतात, आणि चेंडू उचलण्यात त्या पटाईत. भारताचा संघही या स्पर्धेत खेळला आहे, पण २०२३ पर्यंत तो पहिल्या तिघांत आला नव्हता.

ज्या पालकांनी पूर्वी व्हॉलीबॉल खेळला असेल त्यांना वाटेल, गुण असे भराभर कसे वाढतात? पूर्वी सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळे आणि डाव १५ चा असे. आता प्रत्येक चेंडूला कोणाला तरी गुण मिळतो. डाव २५ चा, आणि पाचवा डाव लागलाच तर तो १५ चा. जिंकायला दोन गुणांची आघाडी हवीच.

आणि टीव्हीवर सामना पाहताना एका मुलीचा शर्ट वेगळ्या रंगाचा दिसेल. ती दुसऱ्या संघातली नव्हे! तिला लिबेरो म्हणतात. हा नियम १९९८ पासून आला. तिने मागच्या रांगेत राहून चेंडू उचलायचा. तिला ब्लॉक करता येत नाही आणि नेटच्या वरचा चेंडू मारून पलीकडे टाकता येत नाही. या जागेवर बहुतेक संघ आपली सर्वांत बुटकी आणि चपळ मुलगी खेळवतात.