करून दिलं, करून घेतलं : उपकाराचं व्याकरण

अजिंठा-वेरूळला जपानी प्रवासी वर्षानुवर्षं येत आहेत. या परिसराच्या विकासाला जपानचं अर्थसाहाय्यही मिळालं. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरकरांच्या कानांना जपानी अगदीच अनोळखी नाही. ती भाषा मराठीशेजारी ठेवून पाहताना मला एक गोष्ट विशेष वाटली : उपकार कुणाकडून कुणावर झाला, हे जपानी माणूस क्रियापदातच सांगतो.

‘देणे’साठी जपानीत दिशेनुसार दोन क्रियापदं आहेत. मी दुसऱ्याला दिलं तर ‘आगेरु’; दुसऱ्यानं मला किंवा माझ्या माणसाला दिलं तर ‘कुरेरु’. आपल्याला मिळालं तर ‘मोराउ’. हीच क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाला जोडली, की कृतीचीच देणगी होते. मित्रानं मला रस्ता सांगितला, तर नुसतं ‘ओशिएमाशिता’ कोरडं वाटतं. ‘ओशिएते कुरेमाशिता’ म्हटलं, की सांगणाऱ्याचं ऋण मान्य होतं. ‘मला’ हा शब्द गाळला तरी चालतो.

मराठीतही ही सोय आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांचा विचार आहेच. ‘शेजाऱ्यानं अर्ज लिहिला’ यात अर्ज कुणाचा ते कळत नाही. ‘लिहून दिला’ म्हणताच तो दुसऱ्या कुणासाठी होता हे उमगतं. मात्र आपलं ‘देणे’ दोन्ही दिशांना चालतं : मी लिहून दिला, मला लिहून दिला. दिशा सर्वनामानंच सांगावी लागते.

खरा फरक ‘घेणे’मध्ये आहे. ‘मोराउ’ आणि ‘करून घेणे’ या दोन्हींत कर्ता लाभ झालेला माणूस असतो. पण ‘मोराउ’त सहसा ऋणाची जाणीव उरते, ‘गवंड्याकडून भिंत बांधून घेतली’ म्हणताना भर आपल्या खटपटीवर येतो. मोठ्यांशी बोलतानाही वाटा वेगळ्या होतात. ‘आजोबा, पिशवी उचलून देतो’ यात आपल्याकडे काही गैर नाही. जपानीत वडीलधाऱ्यांना ‘आगेरु’ जोडून असं म्हटलं, तर उपकार दाखवल्यासारखं होतं. तिथे ‘ओमोची शिमासु’ असं नम्र रूप वापरतात. ‘मोराउ’चं नम्र रूप ‘इतादाकु’. जेवणाआधीचं ‘इतादाकिमासु’ त्यातूनच आलं.

आपलं ‘देणे’ सगळीकडे जोडताही येत नाही. ‘शिवून दिलं’ म्हणतो, पण ‘शिकवून दिलं’ म्हणत नाही. म्हणून जपानी कथा इंग्रजीवरून मराठीत आणली, की ‘कुरेरु’ वाटेतच गळतो आणि कृतज्ञ माणूस नुसती माहिती देणारा होतो. मुळावरून अनुवाद करणाऱ्यानं त्यासाठी जागा शोधायला हवी.

घरात आपण एकमेकांचे आभार मानत नाही. आईला ‘धन्यवाद’ म्हटलं तर ती परक्यासारखं बघेल. ते काम आपलं व्याकरण करतं. ‘आईनं डबा केला’ ही बातमी झाली; ‘आईनं डबा करून दिला’ यात तिचे कष्ट मानलेले असतात.